ओवाळणीची वई

चिरे येऊन पडले तेव्हा मी कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही उसवत बसले होते. ट्रक मागे मागे येत थेट माझ्या अंगणात घुसला, तुळशीला चाक लागता लागता राहिलं, आणि मागचं फळकूट पाडून दोन माणसांनी जांभ्याचे लाल चिरे धडाधड खाली टाकायला सुरुवात केली. मी कात्री हातात घेऊनच बाहेर धावले.

"अहो, थांबा थांबा! कोणाचे हे? घर चुकलं तुमचं!"

"घर बरोबर आहे," ड्रायव्हर म्हणाला. "विश्रामदादांनी पाठवलेत. भिंतीचे."

तेवढ्यात विश्राम आलाच. हसत, खांद्यावर टॉवेल, एका हातात चुन्याच्या फक्कीचं घमेलं. विश्राम म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्या काकांचा मुलगा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शेजारचंच घर त्याचं. वाडीत त्याच्या शब्दाला मान होता आणि तो त्याला ठाऊकही होता.

"काय मंदे, घाबरलीस होय? अगं, भाऊबीजेची ओवाळणी आहे तुझी. यंदा कायमची देऊन टाकतो."

"ओवाळणी म्हणून चिरे?"

"चिरे नाही गं वेडे, भिंत! छातीएवढी चिरेबंदी भिंत. दरवर्षी काट्या आणा, मेढे बदला, कोण करत बसणार? तू एकटी बाईमाणूस. दाराला पक्का आडोसा हवा की नको?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये काट्यांचं कुंपण घालतात, त्याला आम्ही वई म्हणतो. लाकडाचे मेढे रोवायचे, त्यांना चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, आडव्या काठ्या बांधायच्या आणि मध्ये करवंदीच्या काट्या खुपसायच्या. पावसात ते सगळं कुजतं, उरलेलं वाळवी खाते, म्हणून दिवाळी झाली की दरवर्षी नवी वई. माझे वडील, म्हणजे नाना, होते तोवर ते स्वतः घालायचे. नाना गेले त्या वर्षी भाऊबीजेला विश्राम ओवाळून घ्यायला आला. मला सख्खा भाऊ नाही. त्यानं ताटात काही टाकलं नाही. म्हणाला, "मंदे, साडी काय, नेसलीस की फाटली. मी तुझी वई घालून देणार. दरवर्षी. नाना गेले असं तुला वाटता नये."

मी रडले होते तेव्हा. आणि पुढची सात वर्षं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याची माणसं यायची, वई घालायची, मी त्यांना चहा आणि घावणे करून घालायचे आणि वाडीभर सांगत सुटायचे की भाऊ असावा तर असा. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तर त्या दिवशी विश्रामनं दोरी धरली आणि माझ्या डोळ्यांदेखत फक्कीची पांढरी रेघ मारत गेला. रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक जुना दगड आहे, तिथून निघाला. वईच्या कडेकडेनं मागच्या वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेला गेला. विहिरीपाशी आला आणि रेघ विहिरीच्या अलीकडून, माझ्या घराच्या बाजूनं काढली.

"दादा, रेघ चुकली तुझी. विहीर पलीकडे गेली."

"चुकली नाही गं. विहीर वईला चिकटून आहे ना? भिंतीचा पाया तिला लागून खणला तर कठडा खचेल. म्हणून भिंत जरा अलीकडून घ्यायची. त्यात काय? तुला एक छोटं दार ठेवतो. ये, पाणी भर, जा. पाणी काय माझ्या बापाचं आहे?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या बापाचं आहे."

तो मोठ्यानं हसला. मजुरांनीही हसून घेतलं. "आहेच की! मी कुठं नाही म्हणतो? परवा भाऊबीज. तेरवा पाया खणायला माणसं येतील. चहाचं बघ."

आणि गेला. अंगणात चिऱ्यांचा ढीग आणि परसात ती पांढरी रेघ.

ती विहीर नानांनी दोन उन्हाळे खपून स्वतः खणली होती. पहार, टिकाव आणि मातीच्या पाट्या वाहायला आई. एप्रिल आला की वाडीतल्या विहिरी तळाला जायच्या, आमची मात्र मे महिन्यातही कंबरभर पाण्यानं असायची. विश्रामच्या नारळीच्या नव्या रोपांना पाणी कुठून आणायचं, हा त्याचा मोठा प्रश्न होता, हेही सगळ्या वाडीला माहीत होतं. आणि मी? माझी सगळी इस्टेट म्हणजे हे दोन खोल्यांचं घर, एक शिलाई मशीन आणि ही विहीर. लग्न झाल्यावर सात महिन्यांत मी सासरहून परत आले, तेव्हा बावीस वर्षांची होते. नानांनी एकही प्रश्न विचारला नाही. मशीन आणून दिलं आणि म्हणाले, "मंदे, दारात पाणी आहे, हातात काम आहे. कोणाच्या पायरीला जायचं नाही." घर आणि परसू माझ्या नावावर करून मगच डोळे मिटले. छोट्या दारातून, दुसऱ्याच्या जागेत, त्याची मर्जी असेल तोवर पाणी भरायचं, हे त्यात बसत नव्हतं.

मी टेप घेऊन विहिरीवर गेले. शिंपीण मी, दुसरं काय घेऊन जाणार! कठड्यापासून वईपर्यंत माप धरलं. अडीच फूट. पुन्हा धरलं. अडीच फूटच.

मग मी विहिरीला वळसा घालायला गेले तर पदर काट्यांत अडकला. तो सोडवता सोडवता मी तिथेच थांबले. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाच सवाष्णींनी मला मध्ये घेऊन या विहिरीची पूजा केली होती आणि आम्ही सहाजणी गोल फिरलो होतो, शेजारी शेजारी, हात धरून, पाच वेळा. कोणाचा पदर कुठे अडकला नव्हता. आणि आता एकटीला जाता येत नव्हतं.

खरं सांगते, त्याआधी मला काही दिसलंच नव्हतं असं नाही. विहिरीमागे नानांनी केळी लावल्या होत्या. हळूहळू त्या वईच्या पलीकडे गेल्या. पण केळीचं बेट जागा बदलतंच, जुनी केळ मरते आणि पोर बाजूला फुटतं, केळ चालते असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मला वाटलं केळी चालत गेल्या. कुंपण चालत आलं असेल असं कोणाच्या मनात येणार? रस्त्याकडचा दगड तर जागच्या जागी होता. रोज मी तिथूनच ये-जा करायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकूकाकांना बोलावलं. भिकूकाका म्हणजे वाडीतला वई घालणारा जुना माणूस, पूर्वी नानांच्या हाताखाली असायचा, नंतर विश्रामकडे. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून द्यायची होती, ते निमित्त केलं. चहा दिला. तो बशीत ओतून फुंकत बसला, बाहेरच्या चिऱ्यांकडे बघायचं टाळत.

"काका, मला सांगा, घराला कुंपण चांगलं कुठलं?"

"आता भिंतच घालतोय ना दादा?"

"भिंत तो घालतोय. मी विचारतेय मला कुठलं चांगलं."

त्याला त्याच्या कामाचं विचारलं की तो खुलायचा. "कशाला हवं ता बघायचं बाय. गुरं अडवायची तर करवंदीच्या काट्या पुरे. कोंबड्या अडवायच्या तर चिव्याच्या काठ्या दाट बांधायच्या. लोकांची नजर अडवायची तर भिंत."

"काटेरी तार?"

"खाऱ्या हवेत तीन वर्सं. मग हात लावला की तुटते."

"निवडुंग लावला तर?"

"गुरं शिरायची नायत. पण तो पसरतो. दहा वर्सांनी तुझ्याच अंगणात येऊन बसंल, मग त्याला काढायला माणसं आण."

"आणि शेर?"

"नको गो बाय. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायचा. शेजारी पोरंबाळं हायत."

"बरं. आणि जागचं हलणार नाही असं कुंपण हवं असेल तर?"

त्यानं बशी खाली ठेवली. मी कॉलरची शिवण उसवत राहिले, मान वर न करता.

"पांगारा," तो म्हणाला. आवाज जरा खाली गेला होता. "हिरवा मेढा तोडून लावायचा. पानी घालायचं. मूळ धरलं की झाडच होतं ता. मग हलवता येत नाय कोनाला."

"मग काका, आपल्या वईला पांगाऱ्याचेच मेढे असतात ना? सात वर्षं. पावसात चार महिने भिजतात. एकालासुद्धा पान फुटलेलं मी पाहिलं नाही."

त्यानं बशी हातानं दूर सरकवली.

"काका, मी नानांची मुलगी आहे. मला सांगा."

"उलटे लावतो ना," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शेंडा खाली, बुडखा वर. उलटा लावलेला मेढा मूळ धरत नाय. वाळतो. मग पुढल्या वर्षी धरून ओढला की सरळ बाहेर."

"हे तुमच्या मनानं?"

"माझ्या मनानं कशाला करीन? दादानं सांगितलं. पयल्याच वर्षी. म्हनला, काका, मेढा फुटता नये. फुटला तर सरकवायचा कसा?"

माझे हात थांबले. कापडाची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली हे मी डोळे मिटून बोटांनी सांगते, आणि सात वर्षं दारात उलटे मेढे उभे होते ते मला कळले नाहीत.

"किती सरकवलीत?"

"दर वर्षी हातभर. मागनं. रस्त्याचा दगुड तसाच ठेवून वहाळाकडनं लोटत आनायची, दार लोटतात तशी. म्हंजे येनाऱ्या-जानाऱ्याला दिसत नाय." मग एकदम म्हणाला, "मजूर मानूस मी बाय. सांगेल ता करायचं."

"माझ्या घरचा चहा पीत होतात ना हो, सात वर्षं?"

त्यानं मान खाली घातली. म्हातारा रडेल की काय असं मला वाटलं, पण मला त्या वेळी त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मी सदरा त्याच्या मांडीवर ठेवला.

"नानांच्या वेळी मागचा कोपरा कुठे होता?"

"तुला ठाव हाय तो," तो म्हणाला. "रोज बघतेस."

मी मागच्या दारी गेले. विश्रामच्या परसात, वईपासून चांगलं सात हात आत, एक मोठा पांगारा उभा होता. त्याला त्याची म्हैस बांधलेली असायची. तो पांगारा नानांनी लावला हे वाडीतल्या लहान पोरालाही माहीत होतं, 'नानांचा पांगारा' असंच म्हणायचे त्याला. नानांनी लावलेलं झाड विश्रामच्या परसात कसं, हे सात वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तो नानांच्या वईचा कोपऱ्याचा मेढा होता. त्यांनी सुलटा लावला होता, म्हणून त्याचं झाड झालं होतं.

मी तशीच आत आले. "काका, चाळीस मेढे हवेत. हिरवे, मनगटाएवढे जाड. माझ्याच परसातल्या उतारावरच्या पांगाऱ्यांच्या फांद्या तोडा. आणि शेंड्याच्या टोकाला चुना लावा, म्हणजे लांबूनही दिसेल वरचं टोक कुठलं."

"दादा मला पुन्हा कामाला घ्यायचा नाय."

"तुम्ही नुसते तोडून आणून टाका. पहार मी धरीन."

तो उठला, सदरा घडी करून काखेत मारला आणि गेला. येईल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मोजणीचा अर्ज करता आला असता, तो मी नंतर केलाही, पण मोजणीवाले यायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि भिंत आठवड्यात उभी राहते. भिंत एकदा उभी राहिली की मोजणीला उभं राहायला मला तिच्या छोट्या दारातूनच जावं लागलं असतं.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी विश्राम आला तो सगळा थाट करून. कडक इस्त्रीचा शर्ट, बरोबर सरोजवहिनी, मागे शेजारच्या दोघी-तिघी, कारण यंदाची ओवाळणी बघायची होती ना सगळ्यांना! अंगणात एका बाजूला चिरे आणि दुसऱ्या बाजूला चाळीस पांगारे, एकेका टोकाला पांढरा चुना. भिकूकाका पायरीवर बसला होता. सकाळीच येऊन मेढे टाकले होते त्यानं, पण परत गेला नव्हता.

"हे काय?" विश्राम म्हणाला.

"आधी पाटावर बस. गार होईल निरांजन."

तो बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. माझा हात अजिबात हलला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवायचं, ते मी ठेवलं नाही.

"दादा, यंदा ओवाळणी मी मागून घेणार."

"माग की! चारचौघांत सांगतो, मागशील ते देईन."

"ऐकलंत ना सगळ्यांनी? मला भिंत नको. मला वईच हवी. नाना जिथे घालायचे तिथे."

"ती आहेच तिथे."

"नाही. नानांची वई रस्त्याच्या दगडापासून तुझ्या म्हशीच्या पांगाऱ्यापर्यंत होती. तो पांगारा म्हणजे नानांच्या वईचा मेढा. सुलटा लावलेला. बाकीचे तू उलटे लावून घेतलेस, म्हणजे दरवर्षी उपटता येतील. माझी ओवाळणी म्हणत दरवर्षी माझीच जमीन हातभर नेलीस. आता विहिरीला पोचलास."

विश्रामचं तोंड आधी पडलं आणि मग लाल झालं. तो पाटावरून उठला.

"कोणी भरवलं हे? या भिकूनं? दोन पैशांचा मजूर..."

"मला डोळे आहेत."

"डोळे आहेत तर स्वतःकडे बघ! दिल्या घरी सात महिने टिकली नाहीस. नानांनी लाडावून ठेवली म्हणून इथे राहिलीस. मी पाठीशी होतो म्हणून वाडीनं नावं ठेवली नाहीत. आणि मला शिकवतेस?"

हे तो म्हणणार हे मला ठाऊक होतं. बारा वर्षं मी त्याच वाक्याला घाबरत आले होते. पण तोंडावर आलं तेव्हा भीती वाटलीच नाही.

"नाही टिकले," मी म्हटलं. "तिथेही हेच चाललं होतं. आज हे सोड, उद्या ते सोड, शिवण सोड, हसणं सोड, नानांकडे जाणं सोड. रोज थोडं मागे सरक म्हणायचे. बावीस वर्षांची होते, तिथे कोणाचा आधार नव्हता, तरी नाही सरकले. आता चौतिसाव्या वर्षी सरकेन असं कसं वाटलं रे तुला?"

शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मी ताट वहिनींच्या हातात दिलं, विहिरीवर गेले, पोहऱ्याचा दोर सोडला आणि त्याचं एक टोक रस्त्याच्या दगडाला गुंडाळून चालू लागले. वई आडवी आली. दोन वाळके मेढे धरून ओढले. काय सांगू, खरंच सरळ बाहेर आले, एका हातानं. मी ते सगळ्यांना दिसतील असे उलटे करून टाकले. त्या फटीतून पलीकडे शिरले आणि दोर ताणत म्हशीकडे निघाले.

दोर पुरेना. पांगारा सात-आठ हातांवर राहिला आणि दोर संपला. मी तिथे दोराचं टोक धरून उभी, मागे सगळे बघताहेत, आणि विश्राम हसायला लागला.

"घे! तुझ्या विहिरीचा दोरसुद्धा पोचत नाही तिथवर. कळलं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तेवढ्यात सरोजवहिनी माझ्या बाजूनं पुढे गेल्या. ताट त्यांनी कोणाकडे तरी दिलं होतं. वीस वर्षं त्या घरात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या पांगाऱ्यापाशी गेल्या, म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्याचं एक टोक पांगाऱ्यालाच ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"बघा वन्सं, पुरतंय का."

"सरोज!" विश्राम ओरडला.

"म्हैस गोठ्यात नेऊन बांधा," वहिनी म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा वई इथेच होती. मला पहिल्या दिवशी नानांनी इथूनच पाणी दिलं होतं, वईवरून."

पुरलं. मी गाठ मारली. दोर असा ताठ उभा राहिला की विहीर त्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला, ऐसपैस जागा सोडून. केळीही अलीकडे आल्या.

मी पहार उचलली आणि पहिला खड्डा घेतला. दुसऱ्या खड्ड्याला हातावर फोड आला. तिसऱ्याला भिकूकाकांनी माझ्या हातातून पहार काढून घेतली.

"सुलटे ना?" तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सुलटे."

विश्राम तिथेच उभा होता. "उद्या सगळे उपटून टाकीन," म्हणाला.

"टाक. दिवसा टाक, लोक बघतील असा. भाऊबीजेची ओवाळणी बहिणीच्या दारातनं उपटून नेतो तो भाऊ कसा दिसतो, ते बघू दे सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तीन उपटले खरे. मी गेले आणि त्याच्यासमोर ते तिन्ही परत लावले, माती पायानं घट्ट केली. तो बघत राहिला. त्यानं चौथ्याला हात लावला नाही. आठवड्यानं ट्रक येऊन चिरे घेऊन गेला.

दिवाळी म्हणजे काही पांगारा लावायचे दिवस नव्हेत, पाऊस संपलेला असतो. त्यामुळे मग ते पाच महिने. रोज सकाळी मशीनला बसायच्या आधी चाळीस मेढ्यांना पाणी, त्याच विहिरीचं. खांदे भरून यायचे. वाडीतल्या बायका म्हणायच्या, मंदाताई वाळक्या लाकडाला पाणी घालतात. सहा मेढे मेलेच, ते बदलले. बाकीचे नुसते उभे. चैत्रात एके सकाळी घागर ओतताना अकराव्या मेढ्याच्या चुन्याच्या टोकाखाली हिरवा डोळा दिसला. मी घागर तिथेच टाकली आणि वहिनींना हाक मारली. दोघी जणी तो कोंब बघत बसलो, जरा वेळानं दोघींनाही हसू आवरेना.

मोजणीवाले दोन वर्षांनी आले. त्यांचा दगड माझ्या पांगाऱ्यांच्या वीतभर पलीकडे पडला, विश्रामच्या बाजूला. साहेब म्हणाले, बाई, तुमची वीतभर जागा अजून तिकडे आहे, कुंपण सरकवायचं का? मी म्हटलं, नको साहेब, ते आता सरकत नाही.

पुढल्या भाऊबीजेला विश्राम आला नाही. मी पाट मांडलाही नव्हता. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी आला, एकटा, इस्त्री न केलेल्या शर्टात. मी ओट्यावरून बघत होते. रस्त्याच्या दगडापाशी तो थांबला. जवळच्या पांगाऱ्याच्या बुंध्याला त्यानं हात घातला आणि जोर लावून हलवून पाहिला. वरची पानं जरा सळसळली. बुंधा जागचा हलला नाही. मग त्यानं हात काढून पँटला पुसला आणि अंगणात आला.

मी पाट मांडला. कुंकू लावलं, ओवाळलं.

"यंदा काय देऊ?" त्यानं विचारलं. खाली बघत.

"हलला का?"

त्यानं मान हलवली. "नाही."

"मग पोचली ओवाळणी," मी म्हटलं. "बस. फराळाचं आणते."